काळ्या दारूचं काडतूस: प्रस्तावना

मराठी माणसाला काडतूस पहिल्यांदा भेटतं ते शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात, १८५७ च्या धड्यात. एनफिल्ड रायफल, गाईची आणि डुकराची चरबी, दातांनी फाडायचं कागदी आवरण, बराकपूरचा मंगल पांडे. धडा संपतो, परीक्षा होते आणि काडतूस विसरलं जातं. त्या काडतुसाला मुळात चरबी लागतच का होती, हा प्रश्न वर्गात सहसा कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर बंदुकीच्या काळ्या दारूत दडलेलं आहे आणि हे पुस्तक तिथूनच सुरू होतं.

सोरा ७५ भाग, कोळसा १५ भाग, गंधक १० भाग: इंग्रजांच्या सरकारी दारूचं हे प्रमाण दीर्घकाळ टिकलं. त्यातला सोरा बहुतांशी आपल्याच देशातला. बिहारमधल्या नुनिया समाजाच्या लोकांनी खारवट मातीतून काढलेला सोरा पाटण्याहून कलकत्त्यामार्गे इंग्लंडला जाई. ही दारू जळते, पण पूर्ण वायू होऊन नाहीशी होत नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी १८७० च्या दशकात बंद पात्रात दारू जाळून मोजमाप केलं, तेव्हा वजनाचा सुमारे ५७ टक्के भाग घन अवशेष म्हणून उरतो असं दिसलं. यातला काही धुरातून बाहेर पडतो, बाकीचा नळीत चिकटतो. कोरड्या उन्हात त्याचं कडक कवच होतं, दमट हवेत चिकट राड. तोंडाकडून ठासायच्या रायफलीत काही बार काढले की पुढची गोळी गजानं खाली ढकलताना शिपाई घामाघूम होई. चरबी आणि मेण ही काजळी मऊ ठेवण्यासाठी होती. शिपायांनी बाजारातून स्वतः मेण-तेल आणून वंगण करावं, अशी मुभा सरकारनं जानेवारी १८५७ मध्येच दिली होती, पुढे दाताऐवजी बोटांनी कागद फाडण्याची कवायतही आली. पण तोवर विश्वास उडाला होता. त्या अविश्वासाच्या राजकारणावर भरपूर लिहिलं गेलं आहे. काजळीवर मराठीत जवळजवळ काहीच नाही.

माझं म्हणणं असं, की १८४० ते १८९० या अर्धशतकातल्या लष्करी रायफलींचा इतिहास हा मुख्यतः या काजळीशी केलेल्या झगड्याचा इतिहास आहे, आणि तो झगडा रायफलीपेक्षा काडतुसात जास्त स्पष्ट दिसतो. अडचण एवढीच, की रायफल उरते आणि काडतूस वाजलं की संपतं. संग्रहालयात, संस्थानिकांच्या वाड्यात, जुन्या शस्त्रागारात नळ्या आणि दस्ते टिकून राहिले. त्यांच्यासोबतची पुंगळी (काडतुसाचं कवच), वंगण, पुठ्ठ्याच्या चकत्या, दाण्यांचा नेमका आकार हे सगळं धुरात गेलं. मग अभ्यासक उरलेल्या वस्तूकडेच बघतात: शिक्के, साल, कारखान्याची खूण. जुन्या रायफलीसाठी काळ्या दारूचं काडतूस हातानं भरणारी माणसं दुसरी, हरवलेली बाजू पुन्हा उभी करतात. छंद म्हणून सुरू झालेल्या या कामाला मी इतिहासाचं साधन मानतो.

नवख्या वाचकासाठी या वाटेवरचे टप्पे आधी सांगतो. प्रशियानं १८४१ मध्ये स्वीकारलेली ड्रायझेची सुईची रायफल मागून भरायची होती. तिचं काडतूस कागदाचं आणि ते पेटवणारी लांब सुई दारूतून आरपार जाऊन ठिणगी पाडायची. १८६६ मध्ये कोनिगग्रेट्झच्या रणांगणावर प्रशियन शिपाई आडवे पडून बार भरत होते, तर ऑस्ट्रियन उभे राहून गज चालवत होते. त्याच वर्षी फ्रेंचांची शास्पो रायफल आली. तिचंही काडतूस कागदीच, त्यामुळे मागच्या सांध्यातून वायू निसटू नये म्हणून रबराची चकती बसवावी लागली. खरा बदल धातूच्या पुंगळीनं झाला. बार उडताच पितळ फुगतं, नळीच्या भिंतीला घट्ट दाबून बसतं आणि मागची गळती स्वतःच बंद करतं. हे एकदा जमल्यावर सगळ्या युरोपची शस्त्रागारं काही वर्षांत बदलून गेली.

इंग्लंडनं काटकसरीचा मार्ग धरला. लाखो एनफिल्ड हाताशी होत्या; जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाच्या युक्तीनं त्यांच्या नळीचा मागचा भाग कापून बिजागरीचं झाकण बसवलं आणि १८६६ पासून त्या मागून भरता येऊ लागल्या. काडतूस केलं वुलविचच्या रॉयल लॅबोरेटरीचे कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी. पितळेच्या पातळ पट्टीची गुंडाळी, खाली लोखंडी चकतीचं बूड, मध्यभागी केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी. आत ७० ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची पोकळ बुडाची गोळी. त्या पोकळीत भाजलेल्या मातीची गुडदी, जी धक्क्यानं पुढे सरकून मऊ शिसं खोबणींत पसरवते. (ग्रेन म्हणजे एका ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग.) बॉक्सर यांच्याच काळात अमेरिकेत हायरम बर्डन यांनी वेगळी केप काढली. पुढे अदलाबदल झाली: इंग्रज बॉक्सरची केप आज अमेरिकेत सर्वत्र चालते आणि अमेरिकन बर्डनची युरोपात रुजली. पुंगळी पुन्हा भरणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो, कारण बॉक्सर पद्धतीत बुडाला मधोमध एकच भोक असतं आणि जुनी केप आतून सळईनं ढकलून काढता येते. बर्डन पद्धतीत केप जिच्यावर आपटते ती ऐरण पुंगळीतच घडवलेली असल्यानं केप काढायला वेगळीच खटपट लागते.

मग १८७१ ची मार्टिनी-हेन्री. या रायफलीपाशी पुस्तक सर्वांत जास्त रेंगाळलं आहे, आणि त्याबद्दल मला खंत नाही. फ्रेडरिक फॉन मार्टिनी यांची खाली झुकणारी पाचर, एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रींची सात खोबणींची नळी आणि .५७७/४५० हे बाटलीसारख्या गळ्याचं काडतूस. ते काडतूस उभं कापून पाहिलं की काजळीशी झगडा म्हणजे काय ते दिसतं. तळाशी ८५ ग्रेन दारू, म्हणजे साडेपाच ग्रॅम. तिच्यावर पुठ्ठ्याची चकती. चकतीवर मधमाशीच्या मेणाचा जाड थर, खोलगट केलेला, म्हणजे गोळीच्या धक्क्यानं तो चपटा होऊन नळीच्या भिंतीवर पसरावा आणि आधीच्या बाराची काजळी सोबत पुसून न्यावी. त्यावर पुन्हा पुठ्ठा. वर ४८० ग्रेनची, ३१ ग्रॅम वजनाची गोळी: बारा भाग शिशाला एक भाग कथील, आणि भोवती पातळ कागद. हा कागद शिशाला नळीशी थेट घासू देत नाही आणि नळीच्या तोंडातून बाहेर पडताच फाटून उडून जातो. एका काडतुसात मेण, कागद, पुठ्ठा, पितळ, लोखंड, शिसं, कथील आणि दारू, प्रत्येकाला आपापलं काम. एनफिल्डच्या चरबीपासून या मेणाच्या थरापर्यंतचं अंतर चौदा वर्षांचं आहे.

या काडतुसाच्या मर्यादाही रणांगणावरच उघड झाल्या. सुदानच्या १८८४-८५ च्या मोहिमेत वाळू आणि काजळीनं भरलेल्या, तापलेल्या रायफलींत गुंडाळीच्या पुंगळ्या अडकल्या, बुडं तुटून बाहेर आली आणि नळीत नुसतं पितळ राहिलं. त्यानंतर सलग ओढलेल्या पितळेच्या पुंगळीकडे कल झाला. त्याआधीच्या, झुलूंविरुद्धच्या इसांडलवाना (२२ जानेवारी १८७९) इथल्या पराभवाला दारूगोळ्याच्या पेट्या वेळेवर उघडल्या नाहीत हे कारण वर्षानुवर्षं सांगितलं जातं. त्या पेटीचं मधलं सरकतं झाकण एकाच स्क्रूनं धरलेलं असे आणि बंदुकीच्या दस्त्याचा एक जोरदार तडाखा ते उघडायला पुरे होता, हे पेटी हाताळलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. काडतुसं, पेट्या, धूर, तापलेली नळी यांचा प्रत्यक्ष अनुभव असलेले लोक इतिहासकारांच्या वादात म्हणून उपयोगी पडतात.

आपल्या दृष्टीनं यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची रायफल द्यायची, हे सरकारचं ठरलेलं धोरण होतं. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा आपल्याकडे मार्टिनी. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या मैदानात हे अंतर एकाच रांगेत उभं होतं. ६६ व्या गोऱ्या पलटणीच्या हाती मार्टिनी-हेन्री, आणि शेजारी मुंबई लष्कराची पहिली ग्रेनेडियर्स व तिसावी जेकब्ज रायफल्स स्नायडर घेऊन. पराभवाची कारणं अनेक होती, त्यांत तोफा, पाणी, जागा आणि संख्या हे सगळं आलं. एकट्या रायफलीवर ते ढकलू नये. तरी ४८० ग्रेनची तीच वजनदार गोळी .५७७ इंचाच्या रुंद नळीतून गेली तर तिचा मार्ग कसा वाकतो आणि .४५० इंचाच्या अरुंद नळीतून गेली तर कसा सरळ राहतो, हे दोन्ही काडतुसं भरून शेजारी शेजारी झाडून पाहिल्यावर जे कळतं ते कुठल्याही तक्त्यावरून कळत नाही. दूर अंतरावर स्नायडरच्या शिपायाला निशाणी बरीच जास्त उंच करावी लागे, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी माणसाच्या पुढे मातीत जाई किंवा डोक्यावरून जाई.

युरोप-अमेरिकेतल्या समकालीन रायफलींना पुस्तकात तुलनेनं थोडी जागा आहे. जर्मनीची १८७१ ची माउझर आणि फ्रान्सची १८७४ ची ग्रा या दोन्ही ११ मिलिमीटरच्या, दोघींची गोळी साधारण २५ ग्रॅमची. शत्रूंनी एकाच प्रश्नाचं जवळपास एकच उत्तर काढलेलं दिसतं. अमेरिकेची १८७३ ची स्प्रिंगफील्ड ही ‘ट्रॅपडोअर’ नावानं ओळखली जाते, तिच्या .४५-७० या नावातले ७० म्हणजेच काळ्या दारूचे ग्रेन. हे काडतूस आजही कारखान्यात तयार होतं, म्हणून नवख्या माणसाची सुरुवात बहुधा तिथून होते. या सगळ्या धुरावर पडदा पाडला तो पॉल व्हिएयच्या १८८४ च्या निर्धूर दारूनं आणि १८८६ च्या फ्रेंच लेबेल रायफलीनं. तरी काळी दारू लगेच गेली नाही. ली-मेटफर्डच्या .३०३ चं पहिलं काडतूस काळ्या दारूच्या दाबलेल्या वडीचंच होतं. कॉर्डाइट ही निर्धूर दारू त्यात नंतर आली.

हातानं भरणाऱ्यांमध्ये आज ढोबळमानानं तीन घराणी आहेत. पहिलं सरकारी काडतुसाशी इमान राखणारं. शस्त्रागारानं जे भरलं तेच, तसंच, त्याच दाबानं भरायचं. म्हणजे रायफलीवरच्या मूळ खुणा आणि गोळीचं पडणं पुन्हा जुळून येतं. अमेरिकेत स्पेन्स वुल्फ यांच्या .४५-७० वरच्या पुस्तकानं या विचाराला शिस्त दिली. दुसरं घराणं नेमबाजांचं. त्याचं मूळ न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर इथल्या २६ सप्टेंबर १८७४ च्या सामन्यात आहे, जिथे मागून भरायच्या रायफली घेतलेल्या अमेरिकन संघानं ठासणीच्या रायफली घेतलेल्या आयरिश संघाला ९३४ विरुद्ध ९३१ असं हरवलं. या घराण्याला इतिहासापेक्षा निशाण महत्त्वाचं. दोन बारांच्या मधे फुंकणीनं नळीत ओलसर श्वास सोडून काजळी मऊ करणं, गोळीच्या मिश्रधातूत कथील थोडं कमी-जास्त करणं, अशा बारीक गोष्टी त्यांनी फार पुढे नेल्या. न्यू मेक्सिकोतल्या रॅटनजवळ ते पाचशे मीटरवरच्या मेंढ्याच्या आकाराच्या लोखंडी निशाणावर काळ्या दारूनं नेम धरतात. तिसरं घराणं सोयीचं: कमी दारू, मोकळ्या जागेत रवा किंवा कापसासारखं भरण, काळ्या दारूऐवजी तिचे कारखानी पर्याय. माझा कल पहिल्या घराण्याकडे आहे आणि तो पुस्तकात लपवलेला नाही. तिसऱ्या घराण्यातल्या बऱ्याच लोकांकडे फक्त एक जुनी रायफल आणि थोडाच दारूसाठा असतो, म्हणून त्यांना तुच्छ लेखणं मला पटत नाही. पण सोय आणि इतिहास यांत निवड करायची वेळ आली की इतिहासाची बाजू धरणारा कुणीतरी हवा.

तिन्ही घराणी एका नियमावर एकमतानं ठाम आहेत. काळ्या दारूच्या पुंगळीत दारू आणि गोळी यांच्या मधे हवेची पोकळी राहता कामा नये. दारू, तिच्यावरची चकती किंवा भरण आणि गोळी एकमेकांना टेकलेली असावी लागतात. मधे जागा राहिली तर नळीला त्या ठिकाणी कायमची फुगवटी येऊ शकते. म्हणूनच दारू सुमारे दोन फूट लांबीच्या नळकांड्यातून सावकाश सोडतात. पोत्यात धान्य ठोकून ठोकून बसवावं तसे दाणे एकमेकांत बसत जातात आणि तेवढ्याच पुंगळीत जास्त दारू मावते. निर्धूर दारू मात्र या रायफलींच्या जवळही नेऊ नये. तिचा दाब वेगळ्या जातीचा आहे आणि १८७० च्या दशकातलं लोखंड व पोलाद त्यासाठी घडवलेलं नाही. सगळं वाजवून झाल्यावरचं काम पाण्याचं असतं. काळ्या दारूचे अवशेष पाण्यात विरघळतात, म्हणून नळी गरम पाण्यानं धुवायची आणि पुंगळ्या त्याच संध्याकाळी साबणाच्या पाण्यात टाकायच्या. रात्रभर राहिल्या तर पितळ हिरवं पडतं.

हे पुस्तक आत्ताच का, याची कारणं आहेत. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात पडून असलेली हजारो शस्त्रं २००३ च्या सुमारास अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतली. त्यांत स्नायडर होत्या, मार्टिनी होत्या, आणि नेपाळात हातानं घडवलेल्या गहेंद्र रायफलीही. त्यामुळे पूर्वी संग्रहालयात दिसणारी रायफल सामान्य माणसाच्या हातात आली, आणि तिच्यासोबत काडतुसाचा प्रश्नही. पुंगळ्या बाजारात नव्हत्या, तेव्हा लोकांनी २४ गेजच्या पितळी शिकारी पुंगळ्या साच्यात दाबून .५७७/४५० च्या केल्या. हातानं घडवलेल्या गहेंद्रच्या मापांत एकीचा दुसरीशी मेळ नसल्यानं पुंगळीही प्रत्येकीला वेगळी घडवावी लागते. दुसरीकडे दारूच दुर्मिळ होत चालली आहे. लुइझियानातल्या मिंडेनचा गोएक्स कारखाना बंद होणार अशी घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली, तेव्हा अमेरिकेतलं काळ्या दारूचं मुख्य उत्पादन थांबण्याची वेळ आली होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीनं तो घेतला म्हणून निभावलं. मूळ बॉक्सर काडतुसंही टिकत नाहीत. लोखंडी बूड आणि पितळी पट्टी एकमेकांच्या सहवासात गंजतात. संग्रहातली काडतुसं उकलून, मोजून, रेखाटून ठेवण्याची वेळ निघून चालली आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये .५७७/४५० आणि .५७७ स्नायडर ही मापं कालबाह्य मानली जातात आणि रायफल शोभेसाठी ठेवायला परवाना लागत नाही. पण ती वाजवायची म्हटलं की लागतो. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र केंद्रीय कायद्याच्या दृष्टीनं पुरातन असतं, राज्यांचे कायदे मात्र निरनिराळे. म्हणून हे पुस्तक भरण्याची कृती शिकवणारं नाही. जुनी सरकारी मापं इथे दिली आहेत ती इतिहासाची नोंद म्हणून. कायद्यानं मुभा असलेल्या देशातल्या मराठी नेमबाजानं ती स्वतःच्या रायफलीसाठी तशीच्या तशी उचलू नयेत. आजची दारू वेगळी, आजची पुंगळी जाड, आणि दीडशे वर्षांच्या नळीची तब्येत जाणकार बंदूकसाजानं तपासल्याशिवाय कळत नाही.

मग पुस्तकाचा प्रयत्न काय? एनफिल्डच्या कागदी काडतुसापासून .३०३ च्या काळ्या वडीपर्यंत प्रत्येक काडतूस उकलून दाखवणं. त्यातला प्रत्येक घटक कोणत्या अडचणीचं उत्तर होता ते सांगणं. आणि ती काडतुसं पुन्हा भरणाऱ्या लोकांनी जे शिकून घेतलं ते इतिहासाच्या चर्चेत आणणं. लष्करी इतिहासाचा विद्यार्थी, संग्रहालयात काम करणारा माणूस, कारखान्यातला तंत्रज्ञ आणि परदेशात नेमबाजी करणारा मराठी वाचक या चौघांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. मापं मुद्दाम ग्रेन आणि इंच यांतच ठेवून शेजारी ग्रॅम आणि मिलिमीटर दिले आहेत, कारण जुन्या कागदपत्रांशी ताडून पाहताना रूपांतरित आकडे फसवतात.

शेवटी एक विनंती. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे स्नायडरच्या ऐन भरातला. पुढे .३०३ च्या पुंगळ्यांवर ‘के एफ’ हा त्याचा शिक्का उमटला आणि त्या पुंगळ्या जगभर सापडतात. या कारखान्यात पिढ्यान् पिढ्या काम केलेली कुटुंबं खडकी, दापोडी, बोपोडी भागात आहेत. इंग्रजी पुस्तकांतून वुलविचच्या कामगारांची हत्यारं, दिवसाची पाळी आणि पगारही वाचायला मिळतो. खडकीच्या कामगारांवर तसं लिहिलं जायला हवं. कुणाच्या घरी आजोबांची हजेरीवही, कामाचं प्रशस्तिपत्र, साच्याचं रेखाचित्र किंवा कारखान्यातलं छायाचित्र असेल, तर ते प्रकाशकांमार्फत माझ्यापर्यंत पोहोचवावं. दुसऱ्या आवृत्तीत खडकीसाठी वेगळं प्रकरण राखून ठेवलं आहे.